एक नंबर मोठा बूट घेऊन रुंद पावलाचं भागत नाही

भारतीय माणसाच्या पावलाचं माप घ्यायचं काम चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं केलं आणि २०२४ साली त्याच्या बातम्या आल्या. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरनं मोजली गेली. आपली पावलं युरोपीय-अमेरिकी पावलांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद निघाली. आपण बूट मात्र अजून त्यांच्याच मापाचे घालतो.

याचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला होत असेल, तर रोड सायकल चालवणाऱ्यांना. रोजचा बूट थोडा घट्ट असला तरी सोल वाकतो, कापड ताणतं, आठवड्याभरात बूट पायात रुळतो. रोड सायकलिंगच्या बुटाचा सोल मुद्दाम कडक केलेला असतो आणि खालची क्लीट (सोलला स्क्रूनं बसवलेला तुकडा) पेडलमध्ये अडकलेली असते, त्यामुळे पाऊल इकडेतिकडे सरकवायलाही वाव नाही. ठाणे-नवी मुंबईच्या कुठल्याही सायकल ग्रुपवर विचारा, "बूट चवड्यात आवळतो, काय करू?" उत्तर ठरलेलं असतं: "एक नंबर मोठा घे." हा सल्ला मनापासून दिलेला असतो, पण चुकीचा आहे.

युरोपीय मापात एक नंबर वाढला की बुटाची लांबी ६.६७ मिलिमीटर वाढते. चवड्याचा घेर साधारण ५ मिलिमीटर वाढतो, आणि घेर म्हणजे रुंदी नव्हे. पावलाखालच्या सपाट रुंदीच्या वाट्याला त्यातले जेमतेम दीड-दोन मिलिमीटर येतात. तुम्हाला सहा मिलिमीटर जादा रुंदी हवी असेल तर तीन नंबर वर जावं लागेल, म्हणजे पुढे दोन सेंटिमीटर रिकामी जागा. शिवाय टाच जागेवरच राहते आणि क्लीटची भोकं पुढे सरकतात. चवड्याखाली हवी ती क्लीट बोटांच्या दिशेनं जाते आणि पोटरीवर जास्त ताण येतो.

आता बुटाच्या आत काय घडतं ते पाहू. चवड्यात पाच लांब हाडांची टोकं शेजारीशेजारी असतात. त्यांच्यामधल्या फटींतून बोटांकडे जाणाऱ्या नसा जातात. इथे नस म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे. बाजूनं दाब आला की हाडांची टोकं जवळ येतात आणि नस मध्ये सापडते. तिसऱ्या आणि चौथ्या बोटामधली नस सर्वात जास्त वेळा दुखावते. फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन यांनी या दुखण्याचं वर्णन १८७६ साली केलं, म्हणून ते आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

नस चिरडावी लागत नाही, तिचं रक्त अडलं तरी पुरतं. नसेच्या आतही बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यांच्यावर पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटर इतका दाब आला की रक्त बाहेर नेणारा प्रवाह मंदावतो आणि ६० ते ८० मिलिमीटरला जवळजवळ थांबतो. आपला रक्तदाब १२०/८० असतो हे लक्षात घेतलं, तर हे आकडे किती लहान आहेत ते कळेल. रक्त कमी पडलं की नसेच्या पेशींचा सोडियम-पोटॅशियमचा पंप अडखळतो आणि संदेश नीट जात नाहीत. स्पर्शाचे जाड तंतू आधी गप्प होतात, म्हणून पहिल्यांदा बधिरपणा येतो. वेदनेचे बारीक तंतू उशिरापर्यंत टिकतात, म्हणून बधिर बोटांनाही आग जाणवते. बूट सैल केल्यावर रक्त परत येतं, तेव्हा अतिसंवेदनशील झालेले तंतू आपोआप संदेश सोडू लागतात. त्याच मुंग्या. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर मोराज सर्कलला थांबून बूट काढणाऱ्याचा चेहरा पहिल्या मिनिटात सुटकेऐवजी वाकडा होतो, तो यामुळे.

इतका दाब येतो कुठून? माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात सुंदर भाग हाच आहे. ताणलेला पट्टा वक्र पृष्ठभागावर जो दाब देतो, तो पट्ट्याच्या ताणाला त्या वक्राच्या त्रिज्येनं भागून मिळतो. हा लाप्लासचा नियम. ताण तोच ठेवा आणि त्रिज्या कमी करा, दाब वाढतो. खोक्याला सुतळी बांधताना ती सपाट बाजूवर नुसती टेकते आणि कोपऱ्यावर काचते, तसंच हे. गणित करून पाहा. अडीच सेंटिमीटर रुंद पट्टा अर्ध्या किलोच्या जोरानं ओढला, तर पट्ट्याच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे ताण येतो २०० न्यूटन. पावलाच्या वरच्या भागाची त्रिज्या ५ सेंटिमीटर धरली तर दाब ४००० पास्कल, म्हणजे पाऱ्याचे ३० मिलिमीटर. करंगळीच्या मुळाशी पाऊल जिथे वळतं तिथे त्रिज्या १ सेंटिमीटर धरा: २०,००० पास्कल, म्हणजे १५० मिलिमीटर! पट्टा तोच, ओढही तीच, आणि दाब पाचपट. त्वचेवरचा हा दाब जसाच्या तसा आतल्या नसेपर्यंत पोहोचत नाही, पण चवड्याची कड आधी का ओरडते ते यातून कळतं.

यातच रुंद सोलचं महत्त्व दडलेलं आहे. सोल पावलाहून किंचित रुंद असेल, तर बुटाचं वरचं कापड पावलाच्या कडेला न गुंडाळता सरळ खाली उतरतं. सोल अरुंद असेल तर पाऊल त्याच्या कडेवरून बाहेर ओसंडतं आणि कापडाला त्याच्याभोवती लहान त्रिज्येचं वळण घ्यावं लागतं. मग पट्टा सैल सोडूनही पुरती सुटका होत नाही, कारण आता कापडाला ताण पाऊल स्वतःच देतं.

पाम बीच रोड सपाट आहे, ही त्याची गंमतही आणि अडचणही. मिनिटाला ९० फेरे म्हणजे प्रत्येक पाय तासाला ५४०० वेळा पेडल दाबतो, आणि वाशी ते बेलापूर सीटवरून उठायचं कारणच पडत नाही. त्यात आपली दमट हवा. उष्णतेनं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, पावलं सुजतात, आणि पहाटे बरोबर बसलेला बूट आठ वाजता आवळू लागतो.

महागडा कार्बन सोल घेतला की सगळं सुटेल, असं समजू नका. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कार्बन सोलच्या बुटात चवड्याखालचा कमाल दाब १२१ किलोपास्कल भरला, तर प्लास्टिक सोलच्या बुटात १०३. कोलोरॅडो विद्यापीठाच्या २०१६ मधल्या प्रयोगात तर मध्यम वेगानं पेडल मारताना साधे धावण्याचे बूट आणि क्लीटचे बूट यांत ऊर्जेच्या खर्चाचा फरकच दिसला नाही. स्प्रिंट मारणाऱ्याची गोष्ट वेगळी. आणि 'रक्ताभिसरण वाढवणारे' चुंबकाचे इनसोल, म्हणजे बुटात पावलाखाली घालायचे तळ? हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही. तसं असतं तर एमआरआयच्या यंत्रात गेलेला माणूस बाहेर आलाच नसता. ते पैसे रुंद बुटासाठी ठेवा.

माप संध्याकाळी घ्या, उभं राहून, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून. कागदावर पाऊल ठेवा, पेन्सिल उभी धरून कडा काढा. रुंदी अंगठ्याच्या मुळाच्या उंचवट्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरपी मोजा, कारण ती रेषा तिरपीच असते. दोन्ही पाय मोजा आणि मोठा तो खरा धरा. दुकानात बुटाचं इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. चवडा इनसोलच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो जोड परत द्या, पट्टे कितीही मऊ असोत. शिमानोच्या काही बुटांत 'वाइड', सिदीत 'मेगा', लेकमध्ये रुंद साचे मिळतात. बॉन्टचे बूट ओव्हनमध्ये गरम करून पायाला बेतता येतात. पाऊल रुंद आहे की नुसतं वरून उंच आहे, हेही तपासा. उंच पावलाला सोल नव्हे, वरची जागा कमी पडते. दोन डायल (फिरवून बूट आवळायच्या चकत्या) किंवा नाडीचा बूट असेल तर चवड्यावरचा भाग सैल आणि घोट्याजवळचा घट्ट ठेवता येतो.

सायकलवरून उतरल्यावरही, घरी बसल्याबसल्या मुंग्या येत असतील, विशेषतः मधुमेह असेल, तर बूट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बूट आधीच घेऊन झाला असेल, तर क्लीट ५ मिलिमीटर मागे घ्या, चवड्यावरचा भार कमी होईल. बोटांकडचा सर्वात खालचा पट्टा फक्त टेकेल इतकाच लावा. चामडं करंगळीपाशी थोडं ताणून देणारा मोची ठाण्यात आणि वाशीत अजून सापडतो. कार्बनचा सोल मात्र त्याला रुंद करता येत नाही.