लोखंडाला थकवा कधी येतो?

ठाण्यातल्या उपवन तलावावर रविवारी सकाळी सायकलवाले जमतात. कोणी येऊरचा चढ चढून उतरलेला असतो, कोणी घोडबंदर रोडवरून परतलेला. लाखालाखाच्या कार्बनच्या सायकली कठड्याला टेकवलेल्या असतात आणि गर्दी मात्र एखाद्या काळ्या, उंच, रॉड ब्रेकवाल्या जुन्या रॅले सायकलीभोवती झालेली असते. कोणी चेनव्हीलमधली बगळ्याची डोकी न्याहाळतो. कोणी मागच्या हबवरचं तेल पुसून तो बनवणाऱ्या स्टर्मी-आर्चर कंपनीचा शिक्का वाचतो, कारण त्या हबवर बनावटीचं साल ठोकलेलं असतं. मग हमखास कोणीतरी म्हणतं, "लोखंडाची गोष्टच वेगळी राव. खड्डे पिऊन टाकतं." सगळे माना डोलावतात.

जुन्या लोखंडी सायकलीवर माझाही जीव आहे, पण हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. प्रेम रास्त आहे, त्याचं सांगितलेलं कारण चूक आहे. खरं कारण सायकलवाल्यांच्या गप्पांत सहसा येतच नाही, आणि ते जास्त भारी आहे.

आधी खड्ड्यांचा हिशेब. सायकलची फ्रेम म्हणजे त्रिकोणांचा सांगाडा. शाळेत काड्या जोडून चौकोन आणि त्रिकोण केले असतील तर आठवेल: चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. त्यामुळे वरून येणाऱ्या धक्क्याला फ्रेम दबते ती मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याच धक्क्याला टायर कित्येक मिलिमीटर दबतो, सीटखालच्या स्प्रिंगा त्याहून जास्त. जुन्या दांडीच्या सायकलीचा पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे चांगला वाकवलेला असतो, तो थोडा लवतो हे मान्य. चाकं मोठी, टायर जाड, दोन चाकांमधलं अंतर लांब आणि बूड टेकायला चामड्याचं सीट. खड्डे पितात ते हे सगळे. श्रेय जातं दांडीला.

दुसरी समजूत अशी की भारी पोलाद (लोखंडी सायकल म्हणजे खरं तर पोलादाचीच) जास्त 'लवचीक' असतं. पोलाद किती ताठ हे यंगच्या गुणांकावरून ठरतं. तो सगळ्या पोलादांचा जवळपास सारखाच, 200 ते 210 गिगापास्कल. दुधवाल्याच्या सायकलीची नळी घ्या, नाहीतर बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीची 1935 साली आलेली प्रसिद्ध '531' नळी घ्या (मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद, जग्वार ई-टाइप मोटारीच्या पुढच्या सांगाड्यातही हेच), तेवढ्याच मापाची असेल तर वाकेल तेवढीच. 531 ताठ नाही, मजबूत आहे. तुटायला जास्त जोर लागतो, म्हणून नळीचा पत्रा पातळ ठेवता येतो आणि सायकल हलकी होते. बस. ॲल्युमिनियमचा गुणांक 70 च्या आसपास, म्हणजे पोलादाच्या एक तृतीयांश. तरी ॲल्युमिनियमच्या सायकली कडक लागतात, कारण त्यांच्या नळ्या जाडजूड. पत्रा तोच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला की वाकण्याला विरोध आठपट होतो. 'उभ्या दिशेला मऊ, आडव्या दिशेला ताठ' असं महागड्या सायकलींच्या जाहिरातींत लिहिलेलं असतं, ते वाचताना हा घन (दोनाचा घन आठ) डोक्यात ठेवावा.

मग लोखंडात आहे काय? माझ्या मते उत्तर एकच: थकव्याची मर्यादा.

एक तार घ्या आणि हाताने मागे-पुढे वाकवत राहा. एका झटक्यात जी तुटत नाही ती पंधरा-वीस वेळा वाकवल्यावर तुटते. धातू थकतो तो असा. पण हे झालं तार उघड वाकवण्याबद्दल. खरी भीती अशी की धातू डोळ्यांना न दिसण्याइतपत वाकला, प्रत्येक वेळी पूर्ण सरळ झाला, तरीही लाखो वेळांनंतर तो तुटू शकतो. 1842 साली व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेगाडीच्या इंजिनाचा आस असाच मोडला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे जर्मनीतल्या रेल्वेत काम करणाऱ्या ऑगस्ट व्योलर या इंजिनिअरने या कोड्याचा पिच्छा पुरवला. आसाचे नमुने यंत्रावर फिरवत वाकवायचे, ताण थोडा कमी करायचा, पुन्हा तुटेपर्यंत फिरवायचे. ताण कमी केला की आयुष्य वाढायचं, हे अपेक्षित होतं. अनपेक्षित हे, की एका ठरावीक ताणाखाली पोलाद तुटायचं नावच घेईना. ढोबळमानाने ही मर्यादा पोलादाच्या ताकदीच्या निम्मी असते. साध्या पोलादाची ताकद 400 मेगापास्कल धरली तर मर्यादा 200 च्या आसपास. ताण त्याखाली राहिला आणि दहा लाख ते एक कोटी हेलकावे (मागे-पुढे वाकणं) पार पडले, की पुढे ते टिकतं असं व्यवहारात धरतात.

ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. ताण कमी केला तर ते जास्त टिकतं, पण ताण आणि आयुष्य यांचा आलेख खाली उतरतच राहतो. 1954 साली 'कॉमेट' जातीची दोन जेट विमानं हवेत फुटली, ती केबिनमधला दाब चढून-उतरून पत्रा थकल्यामुळे. अशा विमानभागांचं आयुष्य आज उड्डाणं मोजून ठरवतात ते यासाठीच.

आता सायकलीचा हिशेब. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात फ्रेम एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मुरडते, म्हणजे एक हेलकावा. मिनिटाला 70 फेरे धरले तर तासाला 4,200. रोज एक तास सायकल चालवणाऱ्याच्या फ्रेमला वर्षाला 15 लाखांच्या वर हेलकावे बसतात. कापूरबावडीहून ठाणे स्टेशनला रोज सायकलने जाणाऱ्या कामगाराची सायकल पहिल्या काही वर्षांतच ही परीक्षा देऊन बसलेली असते. त्यानंतरची चाळीस वर्षं तिच्या हिशेबात धरायचीच नाहीत.

पण लोखंडातच हे का? इथे जरा अणूंच्या पातळीवर उतरावं लागेल. सांभाळून या.

धातू म्हणजे अणूंच्या शिस्तीत लावलेल्या ओळी. पण शिस्त पूर्ण नसते, मध्येच एखादी ओळ अर्ध्यावर संपलेली असते. या दोषाला विस्थापन म्हणतात. भलीमोठी सतरंजी अख्खी ओढायला चौघे लागतात, पण तिच्यात एक सुरकुती पाडून ती ढकलत नेली की एकटा माणूसही सतरंजी सरकवतो. धातू वाकतो तो असाच, विस्थापनं सरकवत. ताण उलटसुलट होत राहिला की ती मागे-पुढे धावतात, एखाद्या पट्ट्यात गर्दी करतात, पृष्ठभागावर सूक्ष्म पायऱ्या पडतात आणि त्या पायऱ्यांच्या खाचेत पहिला तडा जन्म घेतो.

पोलादात लोखंडाच्या मोठ्या अणूंच्या सापटीत कार्बनचे आणि नायट्रोजनचे लहान अणू अडकलेले असतात. विस्थापनाच्या तोंडाशी अणूंची जाळी जरा ताणलेली, म्हणजे ऐसपैस जागा. हे लहान अणू हळूहळू सरकत तिथे जमतात आणि विस्थापनाला जखडून टाकतात. ॲलन कॉट्रेल आणि ब्रूस बिल्बी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1949 मध्ये याचं गणित मांडलं. या घोळक्याला 'कॉट्रेलचं वातावरण' असं नावच पडलंय. ताण कमी असेल तर जखडलेलं विस्थापन सुटत नाही. एखादं सुटलंच तर काही काळाने कार्बन पुन्हा त्याला गाठतो. ॲल्युमिनियमच्या जाळीत सापटीत शिरून असा पहारा देणारे अणू नसतात, आणि घसरायला वाटाही सोप्या असतात. आजचे धातुशास्त्रज्ञ याला आणखी एक कारण जोडतात: पोलादात बारीक तडे पडतात सुद्धा, पण धातूच्या एका स्फटिक-कणाची हद्द ओलांडून शेजारच्या कणात शिरताना अडतात. ताण मर्यादेखाली असेल तर तिथेच कायमचे.

म्हणजे गंमत बघा. "पूर्वीचं लोखंड शुद्ध असायचं, आता भेसळ आली" असं म्हणतात ना? शुद्ध लोखंड मऊ आणि दुबळं. टिकाऊपणा आला तो पाव टक्का भरेल न भरेल अशा कार्बनच्या 'भेसळी'मुळे. (शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणून भंगारवाल्याकडची हर्क्युलिस सोमवारवर टाकणारे लोक ठाण्यात अजून आहेत. सोमवारपर्यंत ती दुसऱ्याने नेलेली असते, एवढाच काय तो शनीचा कोप.)

काटेकोर माणसं म्हणतील, मर्यादा-बिर्यादा खोटी, फार कडक पोलादांत कोट्यवधी, कधी शंभर कोटी हेलकाव्यांनंतरही आतल्या सूक्ष्म मळीच्या कणांपासून तडे जाताना दिसलेत. खरं आहे. वर्षाला 15 लाखांच्या हिशेबाने शंभर कोटी व्हायला साडेसहाशे वर्षं लागतील. तोवर टायर बरेच बदलावे लागतील.

खरा आक्षेप वेगळाच. जर्मनीतल्या 'टूर' या सायकल मासिकाने 1997 मध्ये बारा महागड्या फ्रेमा यंत्रावर चढवून थकवल्या. शेवटपर्यंत टिकल्या त्या तीन: दोन ॲल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. पोलादाच्या सगळ्या तुटल्या. लोखंडप्रेमी याबद्दल सहसा बोलत नाहीत. पण यात विरोधाभास नाही. मर्यादेचं वरदान ताण मर्यादेखाली असेल तरच. शर्यतीच्या सायकलीत ग्रॅम-ग्रॅम वाचवायला पत्रा अर्ध्या मिलिमीटरवर आणला की ताण मर्यादेच्या वर जातो आणि पोलादही इतरांसारखंच दिवस मोजायला लागतं. उलट जाड नळ्यांची ॲल्युमिनियम फ्रेम ताण इतका कमी ठेवते की मर्यादा नसूनही जन्मभर पुरते. आजोबांची हर्क्युलिस, ॲटलस किंवा असनसोलची सेन-रॅले अमर वाटते ती पोलाद उच्च प्रतीचं म्हणून नव्हे. पोलाद साधंच, पण वापरलंय ढिगाने. सायकल वीस किलोच्या घरात, आणि ताण मर्यादेच्या कितीतरी खाली. चढावर ज्या वजनाला आपण शिव्या घालतो, तेच तिचं आयुष्य आहे. शिवाय ज्या फ्रेमा मोडल्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. आपल्यापुढे येतात त्या वाचलेल्याच, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

पोलादाचा दुसरा गुण म्हणजे ते दुरुस्त होतं. जुन्या फ्रेमचे सांधे वितळवून जोडलेले नसतात. नळी एका खोबणीत (कारागीर तिला 'लग' म्हणतात) बसवून मधल्या फटीत पितळ भरलेलं असतं. पोलाद वितळायला 1500 अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं, पितळ 900 ला वितळतं. जुन्या ठाण्यातल्या एका गॅस वेल्डिंगवाल्याकडे मी हे जवळून पाहिलंय. सांध्याला टाकणखार लावला, ज्योत गोल फिरवत लोखंड लाल आणि मग केशरी केलं, पितळेची काडी एका बाजूला टेकवली. पितळ दिसेनासं झालं आणि क्षणात लगच्या दुसऱ्या कडेला सोनेरी रेघ उमटली. शाळेतलं केशाकर्षणच ते. फट जितकी अरुंद तितकं आत ओढलं जातं. फट रुंद असेल तर पितळ ओघळतं आणि सांधा कच्चा राहतो.

मात्र एवढ्या उष्णतेने सांध्याजवळची नळी मऊ पडते, आणि मुरडण्याचा सगळ्यात जास्त ताणही तिथेच येतो. यावर रेनॉल्ड्सने 1897 मध्येच तोडगा काढून पेटंट घेतलं: नळी टोकांना जाड, मध्ये पातळ. बाहेरून काहीच कळत नाही, फरक आतल्या बाजूला. नळीच्या मधोमध टिचकी मारा, मग टोकाशी मारा, आवाज बदललेला ऐकू येईल.

ठाण्यात या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गंज. खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. गंजाने पत्रा पातळ होतो हे कोणालाही कळतं, पण त्याहून वाईट असं की गंजत असताना पोलादाची थकव्याची मर्यादाच नाहीशी होते. गंजाने पडलेला प्रत्येक बारीक खड्डा म्हणजे तड्याला आयतं तोंड, आणि जखडलेल्या विस्थापनांची सगळी शिस्त तिथे कुचकामी ठरते. तेव्हा खंडेनवमीला सायकलीला हार जरूर घाला, पण आधी सीटची नळी बाहेर काढून ग्रीस लावा आणि फ्रेम उलटी करून आत साठलेलं पाणी बघा. सीटच्या नळीतून आत शिरलेलं पाणी थेट पायडलच्या आसापाशी उतरून बसतं. तिथे खाली भोक नसेल तर पाडून घ्या आणि नळ्यांच्या आत पातळ तेल फिरवा.

जुनी सायकल विकत घेत असाल तर रंगाच्या चकाकीकडे शेवटी बघा. आधी हँडलखालच्या सांध्याच्या मागे, तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला बोट फिरवा. समोरून आपटलेल्या सायकलीची नळी तिथे किंचित फुगलेली असते. मग मागच्या चाकाच्या आसापाशी आणि पायडलच्या आसाभोवती रंगात केसासारखी रेघ शोधा. तिच्यातून तांबूस पाणी आलेलं दिसलं तर तो नुसता रंगाचा ओरखडा नाही. असली फ्रेम ज्याला पितळेचं काम येतं त्याला दाखवा. साध्या आर्क वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका, पातळ नळीला भोक पडतं. नवा रंग द्यायचा असेल तर पावडर कोटिंगची भट्टी 200 अंशांच्या आसपासची असते, पोलादाला तेवढ्याने काही होत नाही. पण रंगाआधी 'सांधे गुळगुळीत करून देतो' म्हणत लगवर ग्राइंडर धरणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.