वेल्डर : व्यवसाय आणि कारकीर्द

धातूचे दोन भाग उष्णतेने वितळवून एकजीव करणारा कारागीर म्हणजे वेल्डर. आयटीआयच्या मराठी कागदपत्रांत याच व्यवसायाची नोंद ‘संधाता’ अशी असते. तालुक्याच्या रस्त्यावर ट्रॉलीचा तुटलेला हुक जोडून देणारा वेल्डर असतो आणि माझगाव गोदीत पाणबुडीचे कवच जोडणाराही वेल्डरच असतो. काम मुळात एकच. पण मिळकत, मान आणि जबाबदारी यांत जमीन-अस्मानाचे अंतर. हे अंतर नुसती वर्षे घालवून भरून निघत नाही. या व्यवसायात माणूस वर चढतो तो चाचणी देऊन, आणि एकदा दिलेली चाचणी जन्मभर पुरत नाही. पुढील माहिती मुख्यतः महाराष्ट्रातील वेल्डरच्या वाटचालीची आहे.

विजेच्या आर्कने (रॉड आणि धातू यांच्यामधल्या प्रखर, सलग ठिणगीने) धातू जोडण्याची पद्धत १८८०च्या दशकात युरोपात आकाराला आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनमध्ये लेप दिलेला रॉड (वितळून जोडात भरणारी धातूची कांडी) निघाला आणि जोड भरवशाचा झाला, कारण लेप जळून तयार होणारा वायू आणि वर जमणारी स्लॅग (काचेसारखी मळी) वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतात. भारतात रॉड बनवणारी अडवाणी-ओर्लिकॉन ही कंपनी १९५१ मध्ये मुंबईत सुरू झाली. तीच आजची एडॉर वेल्डिंग. तिरुचिरापल्लीला भेलची (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) वेल्डिंग संशोधन संस्था १९७५ पासून आहे.

शिक्षणाच्या दोन वाटा

पहिली वाट आयटीआयची. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतला हा एक वर्षाचा अभ्यासक्रम असून आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळतो. राज्यात प्रवेशाचे काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते. पाइप वेल्डिंग, स्ट्रक्चरल वेल्डिंग, मिग-टिग (वायूच्या आवरणात तारेने किंवा टंगस्टनच्या टोकाने जोडणे) असे वेगळे ट्रेडही आता आहेत. त्यानंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रेल्वे, गोदी, आयुध निर्माणी किंवा खासगी कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते. ज्याला पुढे जायचे आहे त्याने ती टाळू नये. वर्गात सपाट पट्टीवर मारलेले रन (जोडधातूच्या सलग ओळी) आणि कारखान्यात ड्रॉइंगप्रमाणे दिलेला जोड यांतला फरक तिथेच कळतो.

दुसरी वाट हेल्परची, आणि आजही असंख्य मुले तिनेच येतात. वर्कशॉपमध्ये लागलेला मुलगा आधी केबल ओढतो, जॉबला (जोडायच्या वस्तूला) अर्थिंग लावतो, ग्राइंडर धरतो, चिपिंग हातोडीने स्लॅग झाडतो. मग फॅब्रिकेटरने जुळवलेल्या जॉबला टॅक (तात्पुरते छोटे टाके) मारू लागतो. सुरुवातीला रॉड चिकटतो, आर्क तुटतो, पातळ पत्र्याला भोक पडते. जॉबपासून रॉडचे टोक साधारण रॉडच्या जाडीइतकेच दूर राहिले, हात एका चालीने सरकला आणि चुरचुर एकसारखी ऐकू आली, की रन बसू लागतो. बारा नंबरचा रॉड (अडीच मिलिमीटर) पातळ कामाला, दहा नंबर रोजच्या कामाला, आठ नंबर जाड प्लेटला, हे मशीनवरचा करंट वाचण्याआधीच तोंडपाठ झालेले असते.

अशा हातांत कसब भरपूर असते, कागद मात्र नसतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वीच्या कामावरून कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. दहा-दहा वर्षे काम केलेला माणूस केवळ कागदाअभावी मोठ्या कारखान्याच्या फाटकावरून परत जातो, हे या व्यवसायाचे खरे नुकसान आहे.

पोझिशन आणि चाचणी

जोड कोणत्या स्थितीत मारायचा यावर वेल्डरची पायरी ठरते. टेबलावर आडवी ठेवलेली प्लेट म्हणजे १जी, ते सर्वांत सोपे. उभ्या प्लेटवरचा आडवा जोड २जी, उभा जोड ३जी, डोक्यावरचा ४जी. डोक्यावर मारताना वितळलेला धातू खाली ओघळू पाहतो, म्हणून करंट आणि हाताची चाल दोन्ही काटेकोर लागतात. पाइप आडवा घट्ट बांधून, न फिरवता जोडणे म्हणजे ५जी, आणि तोच पाइप ४५ अंशांत तिरका बांधला की ६जी.

बॉयलर, रिफायनरी, वीजकेंद्र यांची भरती बहुधा या ६जी चाचणीवरच होते. पाइपचे दोन तुकडे घेतात. त्यांच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात आणि मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून त्यांना टॅक मारलेले असतात. वेल्डर तळापासून, म्हणजे घड्याळातल्या सहाच्या जागेवरून, सुरुवात करून बाराकडे चढतो आणि मग दुसऱ्या बाजूने तेच पुन्हा करतो. खाली हात डोक्यावरच्या जोडाचा, मध्ये उभ्याचा, वर जवळजवळ सपाटाचा. शिवाय पाइप तिरका असल्याने धातू सतत एका कडेला झुकतो. एकाच फेरीत मनगटाचा कोन कितीदा तरी बदलतो.

खरी परीक्षा पहिल्या थराची, म्हणजे रूटची. रूट बहुधा टिगने, आर्गॉनच्या आवरणात मारतात. त्यावर लो-हायड्रोजन ७०१८ रॉडने फिलिंग (मधले थर) आणि शेवटी कॅपिंग (वरचा थर). रूट मारताना वेल्डरची नजर समोर उघडणाऱ्या बारीक भोकावर असते. भोक टिकले तर धातू आतपर्यंत पोचतो आहे, भोक मिटले तर आतली कड न वितळताच राहिली. हात रेंगाळला तर पाइपच्या आत धातूचे लोंबते थेंब होतात, आणि तळाच्या भागात धातू कमी पडला तर आतून खळगी पडते. बाहेरून कॅपिंग कितीही देखणे असले तरी हे दोष लपत नाहीत. जोडाचा एक्स-रे काढतात, किंवा पट्ट्या कापून त्या वाकवतात. एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या संहितेतील नवव्या विभागानुसार ६जी जोडातून चार पट्ट्या निघतात, त्या साच्यावर १८० अंश वाकवतात आणि वाकलेल्या पृष्ठभागावर तीन मिलिमीटरपेक्षा मोठी फट उघडली की वेल्डर नापास.

पास झालेल्याला साधारणपणे सर्व पोझिशनची पात्रता मिळते, पण ती त्या पद्धतीपुरती. आर्कवर पास झालेल्याला टिगसाठी वेगळी चाचणी द्यावी लागते. त्या पद्धतीने सहा महिने काम केले नाही तर पात्रता संपते. कंपनी बदलली की नवी कंपनी बहुतेक वेळा पुन्हा कूपन (चाचणीचा जोड) मारायला लावते. जुन्या वेल्डरना याचा राग येतो आणि तो समजण्यासारखा आहे. पण वाफेच्या दाबाखाली जोड फुटला तर माणसे मरतात, आणि हात सुटला आहे की नाही हे कूपनशिवाय दुसरे काही सांगत नाही.

बॉयलरच्या कामाला आयबीआर वेल्डर हे प्रमाणपत्र लागते. त्याचा पाया १९५० चे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स. राज्यात ही परीक्षा बाष्पके संचालनालयाच्या अखत्यारीत येते. १९२३च्या मूळ कायद्याची जागा घेणारा नवा बॉयलर कायदा २०२५ मध्ये संमत झाला. ज्याच्या खिशात चालू मुदतीचा आयबीआर आहे, त्याला काम शोधत फिरावे लागत नाही.

महाराष्ट्रातील कामाची ठिकाणे

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण येथे वाहनांच्या सुट्या भागांचे काम. तिथे सीओटू वेल्डिंग (मिग) आणि स्पॉट वेल्डिंग (पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडणे) चालते. गाडीच्या सांगाड्यातले हजारो स्पॉट आता रोबो मारतात, त्यामुळे नुसत्या स्पॉट मशीनवरचा कामगार मागे पडला आणि रोबोला जोडाची वाट शिकवणारा, फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) समजणारा वेल्डर पुढे आला. चिंचवडला थरमॅक्ससारखे बॉयलर बनवणारे कारखाने, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर, पवईला लार्सन अँड टुब्रो, मुंबईत माझगाव गोदी. तिथे बांधलेली कलवरी ही पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. रेल्वेत रुळांचे टोक टोकाला जोडणाऱ्या थर्मिट वेल्डरचे काम वेगळेच; तिथे आर्क नसतो, ॲल्युमिनियम आणि लोहभस्म यांच्या रासायनिक क्रियेतून वितळलेले पोलाद साच्यात उतरते.

साखर कारखाना हे मात्र खास आपल्याकडचे विद्यापीठ. हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू होते. टाक्या, रस वाहून नेणाऱ्या लाइनी, उसाचे कॅरियर, बॉयलरच्या नळ्या, सगळीकडे वेल्डर लागतो. गाळप चालू असतानाचे एक काम तर बाहेरच्या माणसाला पाहूनही खरे वाटत नाही. मिलच्या रोलरचे दात गुळगुळीत झाले की ऊस घसरतो. मग रोलर न थांबवता, तो हळूहळू फिरत असतानाच, रस आणि चोथा अंगावर उडत असताना, वेल्डर दातांवर कठीण धातूचे बारीक ठिपके चढवत जातो. याला रोलर आर्किंग म्हणतात. रोलर खडबडीत झाला की उसाला पकड मिळते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात अनेक घरांत बाप-लेक दोघांनी हे काम केलेले आहे.

कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथील औष्णिक वीजकेंद्रांत बॉयलरची नळी फुटली की संच बंद पडतो, आणि वेल्डरला रात्रीतून बोलावणे येते. नळ्या इतक्या दाट असतात की मागची बाजू डोळ्यांना दिसत नाही. मागे छोटा आरसा लावायचा आणि आरशात बघत, उलट्या दिशेने हात चालवत जोड मारायचा. ज्याला आरशातले वेल्डिंग येते, त्याचे नाव ठेकेदारांच्या डायरीत पहिल्या पानावर असते.

मोबदला आणि परदेश

रोजंदारी, मासिक पगार यांबरोबर कामाच्या मापावर मोबदल्याची रीत मोठी आहे. स्ट्रक्चरचे काम टनावर किंवा किलोवर ठरते. पाइपचे काम इंच-डायावर मोजतात : सहा इंची पाइपचा एक जोड म्हणजे सहा इंच-डाया. एक्स-रेत जोड नापास झाला तर दुरुस्ती बहुधा वेल्डरच्याच वेळेतून जाते, म्हणून ठरवतानाच हा मुद्दा स्पष्ट करून घ्यावा.

आखाती देशांत ६जी वेल्डरला मागणी जुनीच आहे आणि त्यासाठीच्या चाचण्या मुंबईत नेहमी होतात. इथे एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी : आयटीआयला आठवी पुरते, पण दहावी नापास माणसाचा पासपोर्ट बहुधा ईसीआर (उत्प्रवासन तपासणी आवश्यक) वर्गात जातो आणि ठराविक देशांत नोकरीला जाण्यासाठी त्याला १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. नोंदणीकृत भरती एजंट आणि ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरची नोंद तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आरोग्य

आर्कमधल्या अतिनील किरणांनी डोळे भाजतात. त्रास लगेच होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते आणि पाणी थांबत नाही. बटाट्याच्या चकत्या ठेवण्याचा उपाय घरोघरी चालतो, पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणेच बरे. टॅक मारताना काच न लावता डोळे मिटून घेण्याची सवय फार पसरलेली आहे आणि ती मोडलीच पाहिजे. आर्कच्या रोजच्या कामाला साधारण दहा ते बारा नंबरची काळी काच लागते.

धूर त्याहून गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातला. स्टेनलेस स्टीलच्या धुरात घातक क्रोमियम असते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो; दूध पिऊन हा धूर उतरतो या समजुतीला आधार नाही. जोडाच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी घासून काढणे, उघड्यावर किंवा पंख्याच्या वाऱ्याला पाठ देऊन काम करणे आणि धुरासाठीचा मास्क वापरणे हे खरे उपाय. अंगात सुती कपडे हवेत, टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. डिझेल किंवा थिनरच्या रिकाम्या बॅरलला कधीही तसाच आर्क लावू नये. आत राहिलेली वाफ पेटून बॅरल फुटते, आणि गावोगावच्या वर्कशॉपमध्ये अशाने माणसे गेली आहेत.

पुढच्या पायऱ्या

चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते आणि रूट मारणे अवघड जाते. हेल्मेटच्या आत चाळिशीची काच लावून काही जण पुढेही उत्तम काम करतात. बाकीचे फोरमन, वेल्डिंग सुपरवायझर किंवा आयटीआयचे निदेशक होतात. निदेशकपदासाठी शिल्प निदेशक प्रशिक्षण हा वेगळा अभ्यासक्रम आहे. ड्रॉइंग नीट वाचता येणारा वेल्डर सीएसडब्ल्यूआयपी (ब्रिटिश) किंवा एडब्ल्यूएसची (अमेरिकन) वेल्डिंग निरीक्षणाची परीक्षा देऊन निरीक्षक होऊ शकतो. तिथे इंग्रजी आणि गणिताची तयारी लागते, म्हणून ती तिशीतच सुरू करावी. ज्यांना गावी परतायचे असते ते थ्री-फेज जोडणी, एक मशीन, कटर आणि ग्राइंडर घेऊन वर्कशॉप टाकतात. पेरणीच्या आधीचे दोन महिने नांगर, फाळ आणि ट्रॉल्यांचे काम इतके येते की हेल्पर ठेवावाच लागतो.