जुन्या टीव्हीची दोन वये

गोव्यात भारीतला जुना टीव्ही विकायला निघतो, त्याची कारणे बहुतेक ठरलेली असतात. पर्वरीत भाड्याने राहणारे कुटुंब बंगळुरूला परत निघते. हणजुणेतल्या व्हिलाचा मालक पर्यटन हंगामाआधी सगळे सामान बदलतो. बोटीवर नोकरी करणाऱ्या तारवट्याने हौसेने घेतलेला टीव्ही सासष्टीतल्या बंद घरात चादरीखाली पडून असतो. पडदा ५५ किंवा ६५ इंची, कंपनी नावाजलेली, घेतला तेव्हा लाखाच्या वरचा. आता मागतात ते नव्या साध्या टीव्हीएवढे. आणि सोबत एक वाक्य हमखास येते : ‘फारसा वापरलेलाच नाही हो.’

वाक्य खोटे असते असे नाही, पण त्यातून निम्मीच गोष्ट कळते. टीव्हीला दोन वये असतात. पडद्याचे वय तासांत मोजायचे : किती तास चालला, किती उजेडावर चालला आणि त्यावर काय दिसत होते. आतल्या सर्किटांचे वय मात्र टीव्ही बंद असतानाही वाढत राहते, आणि समुद्रकाठी जरा जास्तच वेगाने. विकणारा पहिल्या वयाबद्दल बोलत असतो. गोव्यात दुसरेही तितकेच विचारायला हवे.

पाच-सात वर्षांपूर्वीचा भारी टीव्ही म्हणजे बहुधा ओएलईडी, म्हणून आधी त्याच्याकडे बघू. यात पडद्यामागे वेगळा दिवा नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो. कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये सेंद्रिय संयुगांच्या अतिपातळ थरांतून कमी व्होल्टेजवर चांगला प्रकाश मिळवून दाखवला. तिथपासून ५५ इंची ओएलईडी टीव्ही दुकानात यायला २०१३ उजाडले. पिक्सेल विझला की पूर्ण विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. या सुखाबरोबर झीज येते. वीज वाहत असताना या संयुगांचे काही रेणू कायमचे बिघडतात. बिघडलेला रेणू प्रकाश देत नाही, वर शेजारच्या चांगल्या रेणूची ऊर्जाही गिळतो. निळा प्रकाश देणारी संयुगे सर्वांत आधी थकतात, कारण निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त असते आणि ती रेणूंचे बंधच तोडू शकते. उजेड दुप्पट ठेवला तर पडद्याचे आयुष्य निम्म्याहूनही बरेच खाली येते.

सगळा पडदा सारखाच झिजला तर डोळ्याला फारसे कळणार नाही. त्रास होतो तो असमान झिजेचा. बातम्यांच्या वाहिनीचे कोपऱ्यातले बोधचिन्ह, खालची ‘ब्रेकिंग’ची लाल पट्टी, क्रिकेटचा धावफलक या गोष्टी तासन्‌तास एकाच जागी असतात आणि बहुधा भडक असतात. त्या जागेचे पिक्सेल आधी म्हातारे होतात आणि मग चित्रपट लावला तरी त्या पट्टीची सावली दिसते. कॅनडातल्या आर्टिंग्ज या चाचणी संस्थेने २०१८ मध्ये एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी टीव्ही घेऊन त्यांवर वेगवेगळे कार्यक्रम रोज वीस तास चालवले. बातम्यांच्या वाहिनीवर ठेवलेल्या टीव्हींवर ठळक खुणा उमटल्या. ज्याच्यावर चित्र सतत बदलत होते, त्याचे फारसे बिघडले नाही. म्हणून विकणाऱ्याला ‘किती वर्षे झाली?’ विचारण्यापेक्षा ‘घरात बातम्या कोण बघतो?’ हे विचारलेले बरे. आजोबा दिवसभर बातम्या लावून ठेवत असतील तर तीन वर्षांचा टीव्हीही म्हातारा. रिसॉर्टच्या लॉबीतला किंवा किनाऱ्यावरच्या बारमधला टीव्ही असेल तर प्रश्नही विचारू नका. तिथे तो दिवसभर पूर्ण उजेडावर असतो आणि सामन्यांच्या दिवसांत स्कोअरची पट्टी हलतही नाही.

यात आपल्या घरांतली एक सवय भर घालते. झोपताना टीव्हीचा भिंतीवरचा स्विच बंद करायचा, हे आईवडिलांनी शिकवलेले असते. जुन्या पेटीसारख्या टीव्हीला ते ठीक होते. ओएलईडी पडदा मात्र बंद झाल्यावरच स्वतःची डागडुजी करतो. एलजीने बनवलेल्या पडद्यांत (दुसऱ्या अनेक कंपन्यांच्या टीव्हीतही हेच पडदे असतात) साधारण चार तास वापर साचला की, रिमोटने बंद केल्यानंतर टीव्ही काही मिनिटे पिक्सेल चालवणारे ट्रान्झिस्टर तपासतो आणि त्यांच्यातला फरक भरून काढतो. दोन हजार तासांनंतर होणारी मोठी फेरी तासभर चालते. रिमोटपाठोपाठ स्विचही खटकन बंद केला, किंवा नेमकी तेव्हाच वीज गेली, तर ही तपासणी होतच नाही. वर्षानुवर्षे असे घडलेल्या पडद्यावर उभे पट्टे आणि धूसर डाग लवकर दिसू लागतात. विकणाऱ्याच्या घरी गेल्यावर टीव्हीचा स्विच कसा बंद होतो, हे सहज बघून घ्यावे. बरेच कळते.

पडदा तपासायचा तर यूट्यूबवर पूर्ण एकरंगी चित्रे असलेले व्हिडिओ मिळतात. लाल, पिवळा, निळा, पांढरा आणि गडद राखाडी असे एकेक रंग लावून खोलीत अंधार करून बघायचे. खुणा लाल आणि पिवळ्यावर पटकन दिसतात, उभे पट्टे गडद राखाडीवर. अगदी गडद राखाडीवर थोडे पट्टे नव्या पडद्यातही असतात, त्यावरून भाव पाडायला जाऊ नये. खूण दिसली तर दहा-पंधरा मिनिटे दुसरे काही चालवून परत बघा. आधीच्या चित्राची तात्पुरती छाया असेल तर ती जाते. काही मॉडेलांत सेटिंग्जच्या आत एकूण किती तास चालला तेही दिसते. मात्र सर्व्हिस मेनूत (कारागिरांसाठीच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) शिरून बटणे दाबायच्या फंदात पडू नका.

आता दुसरे वय. मीठ हवेतल्या बाष्पातून पाणी ओढून घेते, हे पावसाळ्यात बरणी उघडणाऱ्या कोणालाही माहीत आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड साधारण ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर आपोआप विरघळू लागते. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ याच्या वरच असते. समुद्राच्या तुषारांतून उडालेले मिठाचे बारीक कण टीव्हीच्या मागच्या झरोक्यांतून आत जातात, सर्किट बोर्डावर बसतात आणि पावसाळ्यात तिथे खाऱ्या पाण्याची नजरेला न दिसणारी साय धरते. त्यातून वीज वाहते. शेजारशेजारच्या दोन जोडांमध्ये काही व्होल्टचा फरक असला की कथिल, तांबे किंवा चांदीचे आयन एकीकडून निघून दुसरीकडे जमतात आणि धातूचे झाडासारखे तंतू वाढतात. तंतू पलीकडे टेकला की शॉर्ट. पडद्याच्या कडेला असलेल्या नाजूक रिबनच्या जोडांत ओल गेली की एक उभी रेघ येते, मग दुसरी. ही दुरुस्ती गावातल्या कारागिराच्या हातची नसते.

म्हणूनच बंद घरातला ‘न वापरलेला’ टीव्ही मला जास्त संशयास्पद वाटतो. चालू टीव्ही आतून गरम होतो आणि बोर्डावरची ओल हटवतो. चार पावसाळे बंद खोलीत काढलेल्या टीव्हीला ती ऊब मिळालेलीच नसते. प्लग लावलेलाच राहिला असेल तर आणखी वाईट : स्टँडबायचा व्होल्टेज आहे, ओल आहे, ऊब नाही. वीजपुरवठ्याच्या बोर्डातल्या, वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरांचेही तसेच. त्यांच्यातला ऑक्साइडचा पातळ थर विजेविना वर्षानुवर्षे पडून राहिला तर कमजोर होतो.

हवेतल्या मिठाचे प्रमाण समुद्रापासून आत जाल तसे झपाट्याने उतरते. कांदोळीत किनाऱ्यालगत उघड्या खिडकीसमोर असलेला टीव्ही आणि फोंडा किंवा साखळीतल्या एसीच्या खोलीतला टीव्ही, दोघांचे बिल एकाच दिवसाचे असले तरी ते एका वयाचे नव्हेत. कुठल्याही यंत्राशिवाय हे तपासता येते. टीव्ही भिंतीवरून उतरवायला सांगा आणि मागचे स्क्रू बघा. स्क्रू गंजलेले, एचडीएमआयच्या पोर्टाची कड पांढुरकी किंवा हिरवट झालेली, तर आतले बोर्डही त्याच हवेत राहिलेले आहेत. झरोक्यांत मुंग्यांची माती किंवा पालीची लेंडी दिसली तर तेही विचारात घ्या, पालीने बोर्डावर शॉर्ट केलेले टीव्ही आपल्याकडे नवे नाहीत. मग प्रत्येक एचडीएमआय पोर्टात काहीतरी लावून बघा. मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात डिशच्या किंवा नेटच्या केबलमधून आलेला झटका अनेकदा एखादे पोर्ट मारून जातो आणि बाकी टीव्ही चालूच राहतो.

एलसीडीचे गणित वेगळे. (‘एलईडी टीव्ही’ म्हणून विकतात तो एलसीडीच, फक्त मागचा दिवा एलईडीचा. ‘क्यूएलईडी’सुद्धा एलसीडीच.) इथे चित्राचा शिक्का बसण्याची भीती जवळजवळ नाही, थकतो तो मागचा दिवा. एलईडींच्या पट्ट्या एकामागोमाग एक जोडलेल्या असतात, एक एलईडी तुटला की पूर्ण रांग जाते आणि कित्येकदा टीव्ही आवाज देतो, चित्र नाही. पण पट्ट्या बदलता येतात, आणि म्हापशात किंवा मडगावात ते काम करणारे भेटतात. पांढऱ्या पडद्यावर जांभळट-निळी झाक दिसली, तर समजा की एलईडीवरचे फॉस्फर (निळा प्रकाश पांढरा करणारा लेप) उतरले आहे.

एक मात्र बघायचे : दिवे पडद्याच्या कडेला आहेत की पूर्ण पाठीवर. दुकानात छाप पाडणारे कागदासारखे सडपातळ महागडे टीव्ही बहुधा कडेच्या दिव्यांचे असतात. सगळी उष्णता एका कडेला कोंडते आणि प्रकाश पसरवणाऱ्या शीट वाकड्या होतात. आर्टिंग्जने २०२२ मध्ये सुरू केलेल्या शंभर टीव्हींच्या दीर्घ चाचणीत हे कडेच्या दिव्यांचे टीव्ही फार रडले. तेव्हा जाडजूड दिसणारा, पाठीवर दिवे असलेला, विभागवार उजेड कमी-जास्त करणारा एलसीडी जुन्या बाजारात मिळाला तर नाक मुरडू नये.

प्लाझ्मा या जुन्या प्रकारच्या टीव्हीबद्दल थोडक्यात. पॅनासॉनिकने २०१३ अखेर ते बनवणे थांबवले, इतरांनी वर्षभरात. चित्र अजूनही देखणे असते, पण मोठा पडदा ३५० वॅटपर्यंत ओढतो. रोज पाच तास म्हणजे महिन्याला ५० युनिटांहून जास्त, आणि मे महिन्यात खोलीत आणखी एक हीटर. हौस असेल तर घ्या.

टीव्ही सुस्थितीत आहे असे ठरले, तरी तुमच्या खोलीत त्याची भारी करामत दिसणार आहे का? हा हिशेब कागदावर करता येतो. ओएलईडीचा पांढरा ५०० निट (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचे एकक) आणि काळा शून्य धरा. चांगल्या एलसीडीचा पांढरा तोच, काळा म्हणून ०.१ निट गळणारा. अंधारात एकाचा पांढऱ्या-काळ्याचा फरक मोजण्यापलीकडे, दुसऱ्याचा ५००० पट. आता बाल्कांवाचे दार उघडा. खोलीतला उजेड पडद्यावरून परावर्तित होऊन समजा १ निटची भर सगळीकडे घालतो. ओएलईडी : ५०१ भागिले १, म्हणजे सुमारे ५००. एलसीडी : ५०१ भागिले १.१, म्हणजे सुमारे ४५५. ज्यासाठी दुप्पट पैसे मोजले जातात तो फरक एका दाराने खाल्ला. घरात टीव्ही दुपारी बघितला जात असेल तर ओएलईडीमागे धावण्यात अर्थ नाही. रात्री दिवे मालवून चित्रपट बघणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

४केचेही (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल) असेच. आपला डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद, म्हणून फुल एचडीचे पिक्सेल सव्वादोन मीटरच्या पलीकडून वेगळे दिसत नाहीत आणि ४केचे तर एक मीटरच्या पलीकडूनच नाहीत. सोफा तीन मीटरवर असेल तर ४के की फुल एचडी, हे डोळा सांगूच शकत नाही.

सॉफ्टवेअर जुने असेल तर घाबरू नका. टीव्हीतले अ‍ॅप बंद पडले तरी स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागते. अपवाद २०१३-१४ च्या पहिल्या-पहिल्या ४के टीव्हींचा : त्यांतल्या अनेकांत एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारे कुलूप, ४के चित्रपटांसाठी लागणारे) नाही, त्यामुळे स्टिक लावूनही ४के मिळत नाही. मुलाला नव्या प्लेस्टेशनवर १२० हर्ट्‌झ (सेकंदाला १२० चित्रे) हवे असतील तर २०१९ च्या आधीचे बहुतेक टीव्ही बाद.

राहिला भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण विकणाऱ्याच्या डोक्यात अजून जुने बिलच असते. त्यात पूर्वी फक्त महागात मिळणारे विभागवार दिवे आता मिनी-एलईडीच्या रूपाने मध्यम किमतीच्या टीव्हीतही आलेत. म्हणून तुलना त्याने मोजलेल्या पैशांशी नाही, आज वॉरंटीसह मिळणाऱ्या नव्या टीव्हीशी करायची. माझे माप असे : ओएलईडीचा पडदा गेला तर दुरुस्ती नाही, नवा पडदा जवळपास टीव्हीच्याच किमतीचा, तेव्हा उद्या पूर्ण बुडाले तरी चालतील एवढेच पैसे त्यात घालावेत. पाठीवर दिवे असलेला, एसीच्या खोलीतला, समुद्रापासून आत राहिलेला एलसीडी असेल तर थोडे सढळ व्हायला हरकत नाही. व्यवहार ठरलाच तर मूळ स्टँड आणि रिमोट मागून घ्या. आणि पिकअपमध्ये टीव्ही उभाच बांधायचा, आडवा टाकायचा नाही : मोठ्या पडद्याची काच इतकी पातळ असते की पहिल्याच खड्ड्यात स्वतःच्या वजनाने तडकू शकते.