पूरकाळातील पिण्याचे पाणी : बडोद्यातील घरगुती साठवण

नळ बंद पडला किंवा नळाच्या पाण्याचा भरवसा उरला नाही, तर घरातल्या माणसांना काही दिवस पुरेल एवढे निर्धोक पाणी आधीच भरून ठेवणे आणि शेवटच्या तांब्यापर्यंत ते निर्धोक राखणे. बडोद्यात या गोष्टीचा संबंध मुख्यतः विश्वामित्रीच्या पुराशी येतो. दारात कमरेइतके पाणी आणि घरात प्यायला घोटभर नाही, ही वेळ या शहरातल्या पुष्कळ कुटुंबांनी अनुभवली आहे.

पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री शहराच्या मधून वळणे घेत जाते. काळाघोडा पुलाजवळ तिची धोक्याची पातळी २५ फूट धरतात. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी शहराला पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजवा सरोवर बांधले. पावसाळ्यात सरोवर भरून वाहू लागले, की तेच पाणी याच नदीतून शहरात येते. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. २०२४ साली गोकुळाष्टमीच्या सुमारास पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. समा, अकोटा, मुजमहुडा या भागांत लोक वरच्या मजल्यांवर अडकून पडले. नदीतल्या मगरी अशा वेळी वस्तीत शिरतात. त्यामुळे पाण्यातून चालत जाऊन कुठून तरी हंडाभर पाणी आणू, हा विचार सोडूनच द्यावा.

पूर आल्यावर पाणी कुठे नासते, हे नीट समजून घ्यायला हवे. आजव्याचे किंवा मही नदीकाठच्या फ्रेंच विहिरींचे (वाळूतून झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या खोल विहिरींचे) पाणी शुद्ध होऊनच निघते. ते बिघडते वाटेत. शहरात नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. बाकीच्या वेळी जलवाहिनीत दाब नसतो, आणि तेव्हा सांध्यांतून, चिरांतून आजूबाजूचे गटारमिश्रित पाणी आत ओढले जाते. दुसरी जागा आपल्याच आवारातली : जमिनीखालची टाकी. तिचे झाकण बहुधा पार्किंगच्या फरशीशी समपातळीत असते, आणि पाइप जाण्यासाठी ठेवलेल्या भोकात चिंधी कोंबलेली असते. फरशीवर टीचभर पाणी चढले, की रस्त्यावरची घाण त्या चिंधीतून खाली झिरपू लागते. वीज आली की मोटर तेच पाणी गच्चीवर चढवते, आणि स्वयंपाकघरातल्या नळाला ते अगदी स्वच्छ दिसते. कावीळ, विषमज्वर, पटकी हे रोग याच वाटेने घरात येतात.

साठवणीचा हिशेब माणशी दिवसाला ४ लिटर असा धरावा : निम्म्याहून अधिक पिण्यासाठी, उरलेले स्वयंपाकाला आणि चूळ भरायला. चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी सुमारे ५० लिटर लागते, म्हणजे २० लिटरचे अडीच केरबे. (जेरीकॅनला बडोद्याची मराठी माणसेही गुजरातीप्रमाणे केरबोच म्हणतात.) केरबा खाद्यपदार्थांसाठीचा असावा. औषधाचा, रंगाचा किंवा रॉकेलचा डबा कितीही धुतला तरी या कामाचा नाही. तळमजल्याच्या घरांनी साठा माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे ठेवावा. गिझरमधले १५ ते २५ लिटर पाणी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बटण बंद करून, गार झाल्यावर काढून उकळले तर तेही कामाला येते. आर.ओ. यंत्राच्या भरवशावर मात्र राहू नये. वीज गेली की त्याच्या टाकीतले काही लिटर तेवढे हाती उरतात.

मराठी घरात शिळे पाणी सकाळी ओतून पिंप घासायची रीत आहे, म्हणून आठ दिवसांचे भरलेले पाणी बाजूला ठेवणे अनेकांना रुचत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. आषाढीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत साठा ठेवावा, आणि दर आठवड्याला तो झाडांना घालून ताजा भरावा. पाणी बंद आणि अंधारात राहिले तर आठवड्यात बिघडत नाही.

पाण्याची खात्री नसेल तर ते उकळावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरिन. ५ ते ६ टक्क्यांचे, सुगंध न मिसळलेले सोडियम हायपोक्लोराइट (द्रव ब्लीच) लिटरला २ थेंब घालून, ढवळून अर्धा तास झाकून ठेवावे. पाण्याला किंचित क्लोरिनचा वास येत असेल तर मात्रा लागू पडली. वास नसेल तर पुन्हा तेवढेच थेंब घालून पाव तास थांबावे. क्लोरिनच्या गोळ्या असतील तर पाकिटावर लिहिलेले प्रमाण पाळावे. उकळलेल्या पाण्यात जंतू मरतात, पण नंतर हात लागला तर त्याला राखणारे काही उरत नाही. क्लोरिन मात्र पाण्यात राखणीला राहते. गढूळ पाणी आधी तुरटी फिरवून निवळावे आणि चार पदरी जुन्या सुती साडीतून गाळावे. साडी जुनीच हवी : धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि वीण दाट होते. बांगलादेशातील गावांत अशा गाळणीने पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्यावर आल्याचे आढळले आहे. तांब्याच्या भांड्याची सवय चांगली, पण पुराच्या पाण्याला ती पुरेशी नाही. आणि कारखान्यांकडची रसायने किंवा तेल मिसळलेले पाणी यातल्या कशानेच पिण्याजोगे होत नाही.

‘पिण्याचे पाणी’ आणि ‘वापरायचे पाणी’ हा आपल्या घरांतला जुना भेद पूरकाळात काटेकोर पाळावा. भरलेल्या पिंपात हातातले फुलपात्र बुडवले, की बोटे बुडतात, आणि सगळी खटपट वाया जाते. तोटीचे पिंप उत्तम. ते नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे, तेही पिंपाच्या झाकणावर न ठेवता खुंटीला टांगलेले.

पूर ओसरल्यावर जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडून आत पाहावे. भिंतीवर चिखलाची रेघ दिसली तर टाकी उपसून, घासून घ्यावी. आत उतरणाऱ्याने एकटे उतरू नये, आणि भिजलेली मोटर इलेक्ट्रिशियनने पाहिल्याशिवाय चालू करू नये. मग टाकी भरून दर हजार लिटरला सुमारे १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून घालावी, रात्रभर ठेवावी, आणि गच्चीवरच्या टाकीतून, प्रत्येक नळातून हेच पाणी खेळवून सोडून द्यावे. नंतर भरलेल्या पाण्यातही काही दिवस हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर घालावी. स्वयंपाकघरातल्या नळाला क्लोरिनचा हलका वास येईपर्यंत प्यायला माळ्यावरच्या केरब्यातलेच पाणी घ्यावे.