कॉलेज चालवायला शिकवतं कोण?

प्राचार्यपदाच्या जाहिरातीत पीएच.डी., १५ वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि संशोधनाचे ११० गुण मागितले जातात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियमच तसे आहेत. कॉलेजचं प्रशासन शिकलेलं असावं, ही अट मात्र त्यात नाही. सोलापुरात काय, बाकी राज्यात काय, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी), वेतननिश्चिती, संलग्नीकरणाचा, म्हणजे कॉलेज विद्यापीठाला जोडून घेण्याचा, प्रस्ताव हे सगळं नवे प्राचार्य खुर्चीत बसल्यावर जुन्या कार्यालयीन अधीक्षकांकडून शिकतात. अधीक्षक निवृत्त झाले की ती जाणही त्यांच्याबरोबर जाते.

उच्च शिक्षण हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला तो अमेरिकेत. क्लार्क विद्यापीठाचे अध्यक्ष, मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १८९३ मध्ये त्यावर वर्ग घेतले. १९२० च्या सुमारास ओहायो स्टेट, शिकागो आणि कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात रीतसर अभ्यासक्रम उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांमुळे विद्यार्थी बेसुमार वाढले. डीन आणि कुलसचिव घडवणाऱ्या विभागांनाही मागणी आली.

आपल्याकडे १९६२ मध्ये युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत शैक्षणिक नियोजक-प्रशासकांसाठी आशियाई केंद्र निघालं. त्याचीच पुढे १९७९ मध्ये ‘नीपा’ (राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था) झाली, २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पण जोर राहिला शालेय शिक्षणावर. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका मुख्याध्यापकांसाठी आहे. प्राचार्यांच्या वाट्याला आली ती फार तर थोड्या दिवसांची कार्यशाळा. मला हा अन्याय वाटतो, प्राचार्यांवर आणि विद्यार्थ्यांवरही.

सोलापूरला त्याची झळ जास्त बसली, कारण विद्यापीठच बदलत गेलं. दयानंद कॉलेज १९४० मध्ये सुरू झालं तेव्हा कारभार मुंबई विद्यापीठाचा होता. मग पुणे, १९६२ नंतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. पात्रता प्रमाणपत्राची एखादी त्रुटी निघाली, तरी लिपिकाने फाइल घेऊन कोल्हापूर गाठायचं. १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी विद्यापीठ झालं, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. अंतर मिटलं, प्रशिक्षणाचा प्रश्न तसाच राहिला.

आता तो टाळता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आहे. स्वायत्त झालेल्या कॉलेजला अभ्यासमंडळ, प्रश्नपत्रिका, निकाल, सगळं स्वतःच करावं लागतं. सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या आवारात यासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू व्हायला हवा, आणि शिकवायला निवृत्त अधीक्षकांनाही बोलवायला हवं.