पहिली इलेक्ट्रिक गाडी: कर्ज, वॉरंटी आणि विमा एकाच कागदावर मांडा

गोव्यातल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

शोरूममध्ये गाडीचा रंग ठरतो, हप्ता ठरतो आणि विम्याची पॉलिसी डीलरच्या टेबलावरूनच हातात पडते. पेट्रोल गाडीत हे चालून जायचं. इलेक्ट्रिक गाडीत मात्र सगळ्यांत महाग भाग एकच, तो म्हणजे बॅटरी. ती बिघडली, भिजली किंवा खालून आपटली तर पैसे कोण भरणार, याचं उत्तर कर्ज, वॉरंटी आणि विमा अशा तीन वेगवेगळ्या कागदांत विखुरलेलं असतं. म्हणून बुकिंगची रक्कम भरण्याआधी एका कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा: कर्ज कोणत्या महिन्यात फिटणार, बॅटरीची वॉरंटी कधी संपणार आणि विम्याचं कोणतं कव्हर कितव्या वर्षापर्यंत मिळणार. पुढचं सगळं हा कागद कसा भरायचा याबद्दल आहे.

आधी कोटेशन नीट वाचा

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि तो एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. किंमत १० लाखांवर गेली की डीलर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर, घेतो. हा जादा खर्च नव्हे, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. दरवर्षी कितीतरी लोक हे पैसे मागायचेच विसरतात. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीवरच्या गाड्यांना आरसीचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचं, शुल्क माफ आहे, त्यामुळे त्या नावाची रक्कम दिसली तर विचारा. रस्ता कराच्या ओळीत नोंदणीच्या दिवशी लागू असलेला दर धरला जातो. डीलरकडून तो आकडा लेखी घ्या आणि वाहतूक खात्याच्या कार्यालयात एकदा पडताळून पाहा.

सवलतींबद्दल दोन गैरसमज अजून पक्के आहेत. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी चारचाकीला अनुदान नाही. दुसरं, कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर वजावट देणारं कलम ८०ईईबी हे १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरतंच होतं. आज कोणी ही वजावट दाखवून हप्ता स्वस्त करून सांगत असेल तर ते गणित बाजूला ठेवा.

कर्ज: हप्ता कमी दिसतो तेव्हा

व्याजाचा दर विचारताना ‘फ्लॅट की रिड्युसिंग?’ हा प्रश्न पहिला. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लागतं, रिड्युसिंगमध्ये फक्त उरलेल्या बाकीवर. दहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ६ टक्के फ्लॅटने घेतलं तर व्याज सरळ तीन लाख आणि हप्ता सुमारे २१,६६७ रुपये. तेच कर्ज ९ टक्के रिड्युसिंगने घेतलं तर हप्ता २०,७५८ आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ४५ हजार. ऐकायला ६ टक्के स्वस्त वाटतात, पण रिड्युसिंगच्या मापात तो दर जवळजवळ १०.८५ टक्के पडतो. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने आणि फायनान्स कंपनीने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात प्रोसेसिंग फीसकट वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. दोन बँकांची तुलना या एकाच आकड्यावर करा.

कार कर्ज बऱ्याचदा फिक्स्ड दराचं असतं आणि मुदतीआधी फेडल्यास दंड लागू शकतो. आंब्या-काजूच्या हंगामानंतर किंवा परदेशातून पैसे आल्यावर एकरकमी भरण्याचा विचार असेल तर ही अट सही करण्याआधी वाचा, नंतर ती बदलत नाही. कर्जासोबत आयुर्विमा घेण्याची सक्ती नाही. तो हवा असेल तर घ्या, पण त्याची रक्कम कर्जात मिळवू देऊ नका, नाहीतर विम्याच्या हप्त्यावरही व्याज भरत बसाल. काही बँका इलेक्ट्रिक गाडीला साध्या कार कर्जापेक्षा थोडा कमी दर देतात. ‘ग्रीन कार लोन आहे का?’ असं नाव घेऊन विचारा, आपणहून क्वचितच कोणी सांगतं.

आता मुदत. इथेच सगळ्यांत मोठी चूक होते. एक्स-शोरूम १३ लाखांची गाडी, कर्जही पूर्ण १३ लाखांचं, मुदत आठ वर्षं, दर ९ टक्के. हप्ता सुमारे १९,०४५ रुपये बसतो आणि खिशाला सोपा वाटतो. तीन वर्षांनी बँकेची बाकी असते सुमारे ९ लाख १७ हजार. त्याच वेळी पॉलिसीवरची गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, ४० टक्के घसारा वजा जाऊन ७ लाख ८० हजार. चौथ्या वर्षी गाडी पुरात गेली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनीची रक्कम आधी बँकेला जाते आणि वरचे एक लाख ३७ हजार तुमच्या खिशातून. गाडी नाही, हप्ता मात्र आहे.

ही दरी आणखी रुंद होऊ शकते, कारण आयडीव्ही तुम्ही दिलेल्या किमतीवरून ठरत नाही. त्या मॉडेलच्या आजच्या किमतीतून घसारा वजा होतो. बॅटरी सेल स्वस्त झाले की नव्या गाड्यांची किंमत उतरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत कमी केली. नव्या ग्राहकाला आनंद झाला, पण जुन्या गाडीची आयडीव्ही त्याच हिशेबाने खाली आली.

त्यामुळे आमचा सल्ला ठाम आहे: एक्स-शोरूम किमतीच्या किमान २० टक्के स्वतःचे घाला आणि मुदत पाच वर्षांच्या पुढे नेऊ नका. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. कर्ज पाच वर्षांत फिटलं तर पुढची तीन वर्षं गाडी बिनहप्त्याची आणि बॅटरी वॉरंटीत. विकायची झाली तर हाच काळ सगळ्यांत चांगला. ज्यांचं धावणं जास्त आहे, म्हणजे रोज काणकोणहून पणजी वगैरे, त्यांनी वर्षं न मोजता किलोमीटर मोजावेत.

बॅटरी भाड्याने देण्याच्या योजनाही आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी विंडसर ९ लाख ९९ हजार अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये अशा दराने बाजारात आली. किंमत कमी दिसते, पण दरमहा किमान किती किलोमीटरचं भाडं लागतं ते पाहा. किमान दीड हजार किलोमीटर धरले तर महिन्याला ५,२५० रुपये, आणि तुम्ही म्हापसा-पणजी एवढंच फिरत असाल तर न चालवलेल्या किलोमीटरचेही पैसे जातात. शिवाय गाडीचा हप्ता वेगळा.

विमा: किलोवॅट आणि किलोवॅट-अवर वेगळे

नवीन खासगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात इलेक्ट्रिक गाडीसाठी तीन वर्षांचा एकत्रित हप्ता असा: मोटर ३० किलोवॅटपर्यंत ५,५४३ रुपये, ३० ते ६५ किलोवॅट ९,०४४ रुपये, ६५ किलोवॅटच्या वर २०,९०७ रुपये, अधिक १८ टक्के जीएसटी. हा आकडा मोटरच्या ताकदीचा आहे, बॅटरीच्या साठ्याचा नाही. ‘४५ किलोवॅट-अवर’ बॅटरीची गाडी मधल्या गटात असेल असं वाटतं, पण तिची मोटर १०० किलोवॅटच्या वर असू शकते. कोटेशनमध्ये कोणता आकडा धरलाय ते पाहा.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, एक वर्षाचा घेऊन दरवर्षी कंपनी बदलता येते. तो डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, एअरबॅग आणि ‘बॅटरी’ यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. हा ‘बॅटरी’ शब्द १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीच्या जमान्यातला. लाखो रुपयांच्या मोठ्या पॅकला तोच शब्द लावला तर निम्मा खर्च तुमच्यावर येतो. म्हणून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घ्याच, आणि त्यात ट्रॅक्शन बॅटरी, म्हणजे गाडी चालवणारा मोठा पॅक, धरली आहे का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. तोंडी ‘हो’ क्लेमच्या दिवशी उपयोगाला येत नाही. झिरो डेपमध्ये बहुधा वर्षाला दोनच क्लेम बसतात.

‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा कव्हर, इलेक्ट्रिक गाडीच्या माथी मारलेलं आम्ही पाहतो. त्यातले शब्द इंजिन आणि गिअरबॉक्सचे असतात. तुम्हाला हवं ते कव्हर मोटर, बॅटरी पॅक, कंट्रोलर आणि चार्जिंग केबल यांची नावं घेणारं. भिंतीवरचा चार्जर गाडीचा भाग नाही, तो वेगळा नमूद करून घ्यावा लागतो. रिटर्न टू इन्व्हॉइस हे अ‍ॅड-ऑन गाडी पूर्ण गेली तर आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची रक्कम देतं आणि वर सांगितलेली दरी भरून काढतं, पण बहुतेक कंपन्या ते सुरुवातीच्या तीनेक वर्षांपुरतंच देतात. कर्ज लांबलचक असेल तर गरजेच्या वेळीच ते संपलेलं असतं.

बॅटरीचं काम कोणाकडे जातं, ते एकदा स्पष्ट करून ठेवा. कारखान्यातला दोष असेल तर वॉरंटी. खालून चिऱ्याचा दगड किंवा दुभाजक आपटून पॅकची तळपट्टी चेपली तर विमा. वयाने रेंज कमी झाली तर विमा काहीच देत नाही. वॉरंटीही ठरावीक टक्क्यांच्या, बहुधा ७० टक्क्यांच्या, खाली क्षमता गेली तरच लागू होते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. बॅटरी महाग असल्याने बाहेरून फारशी न दिसणारी धडकही या रेषेपर्यंत पोचते. आयडीव्ही कमी दाखवून हप्त्यात दोन हजार वाचवणं म्हणूनच महागात पडतं.

जुनी पेट्रोल गाडी विकताय? तिचा नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० यांच्या प्रती देऊन जुन्या विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. ५० टक्के बोनस असेल तर नव्या गाडीच्या २४ हजारांच्या ओन डॅमेज हप्त्याचे १२ हजार होतात. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत आधीच असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही.

गोव्यातल्या चार गोष्टी

पाणी. पणजीत १८ जून रस्ता आणि मळा, तिकडे साखळीची बाजारपेठ, इथे पावसाळ्यात पाणी भरतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बॅटरी पॅक पाण्यापासून बंदिस्त असतो, पण कनेक्टर, वायरिंग आणि चार्जिंगचं तोंड बराच काळ बुडालेलं राहिलं तर नुकसान होतं. पाण्यात उभी राहिलेली गाडी ‘चालू होते का’ म्हणून सुरू करून पाहू नका आणि चार्जरलाही लावू नका. त्यानंतर झालेलं नुकसान ‘पुढचं नुकसान’ म्हणून नाकारलं जातं. पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. गाडी फ्लॅटबेडवरच, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवरच, न्या. चाकं जमिनीवर फिरवत ओढली तर मोटर वीज तयार करू लागते आणि नवा बिघाड होतो. रोडसाइड असिस्टन्स घेताना फ्लॅटबेड आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट, हे दोन्ही पाहा. चोर्ला घाटात गाडी अडली तर जवळचं सर्व्हिस सेंटर जवळ नसतं.

माड. नारळ पडून काच फुटली तर तो अपघातच आहे आणि काचेवर घसारा कापत नाहीत. पण एक क्लेम केला की बोनस जातो, म्हणून काचेचं बिल आणि बोनसची किंमत शेजारी मांडून मग ठरवा.

घरचा चार्जर. साध्या ३.३ किलोवॅटच्या चार्जिंगला १६ अँपिअरचं स्वतंत्र सर्किट पुरतं. ७.२ किलोवॅटचा वॉल चार्जर ३२ अँपिअर ओढतो, त्याला मीटरपासून स्वतंत्र लाइन, सहसा ६ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, ४० अँपिअरचा एमसीबी (जादा भारावर बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास बंद पडणारा स्विच) लागतो, आणि वीज खात्याकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. इथे बऱ्याच घरांचं मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं. भार वाढवण्याच्या अर्जाला नाव बदलणं किंवा भाऊबंदांची संमती लागली तर आठवडे जातात, म्हणून हा अर्ज गाडी बुक करतानाच द्या. चिऱ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंग कमजोर पडतं आणि चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. दोष गाडीचा नसतो. अर्थिंगचा खड्डा खोल घ्या, उन्हाळ्यात पाणी घाला आणि रोध ५ ओहमच्या आत आहे का ते मोजून घ्या. परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं बिल पॉलिसीच्या फाइलमध्येच ठेवा, आगीच्या क्लेमला सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, ते मागतो.

भाडं. हिरव्या पाटीवरची पांढऱ्या अक्षरांची गाडी ही खासगी गाडी. ती ओळखीच्या पर्यटकाला दोन दिवस पैसे घेऊन दिली आणि अपघात झाला, तर ‘भाड्याने वापर’ या अटीखाली ओन डॅमेजचा क्लेम जातो. थर्ड पार्टीची भरपाईही कंपनी मागाहून तुमच्याकडून वसूल करू शकते. भाड्याने द्यायचीच असेल तर परवाना, नोंदणी आणि विमा तिन्ही त्या वापराचे घ्या.

ताबा घेण्याच्या दिवशी

पॉलिसीवरचा चासी नंबर आणि मोटर नंबर गाडीवरच्या पट्टीशी अक्षर न् अक्षर जुळवा. बँकेचं नाव पॉलिसीत आणि आरसीत सारखंच हवं. बॅटरी पॅकचा सिरियल नंबर डीलरकडून इन्व्हॉइसवर लिहून घ्या, पुढे पॅक बदलला गेला तर वॉरंटी कोणत्या पॅकची हा वाद त्यानेच मिटतो. कर्ज फिटल्यावर बँकेचं ना हरकत पत्र ९० दिवसांच्या आत फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) सोबत आरटीओत द्या आणि पॉलिसीवरूनही बँकेचं नाव काढून घ्या.

सल्ल्यासाठी आमच्याकडे येताना डीलरचं कोटेशन, बँकेचं की फॅक्ट स्टेटमेंट, जुन्या गाडीची चालू पॉलिसी आणि गेल्या महिन्याचं वीजबिल घेऊन या. वॉरंटीची पुस्तिका डीलर बुकिंगआधी देत नसेल तर मागा, तिच्यातलं बॅटरीचं पान सहसा अटींच्या शेवटी असतं.