२१ दिवसांत निगेटिव्ह विचार बंद? नाही हो!
'रोज आरशासमोर "मी बेस्ट आहे" म्हणा, २१ दिवसांत मन बदलतं' हा फॉरवर्ड किती वर्षं फिरतोय देव जाणे. हे २१ आलं कुठनं तर मॅक्सवेल मॉल्ट्झ म्हणून अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० साली लिहिलं की पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान २१ दिवस लागतात, बस, त्यातलं 'किमान' गळालं आणि लोकांनी ते डिप्रेशनलाही चिकटवलं.

बरं, २००९ मध्ये कॅनडात जोआन वुड यांच्या टीमने बघितलं तर ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं त्यांना असली छान छान वाक्यं घोकून उलट जास्त वाईट वाटलं. साहजिकच आहे, आतून लगेच 'हो का, मग काल फोन का नाही उचललास' येतंच ना!

सीबीटीत (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलून करायची उपचारपद्धत) म्हणून घोकंपट्टी नसते. 'मी कुचकामी आहे' हे वहीत लिहायचं, शेजारी त्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे (अंघोळ केली, आईला चहा करून दिला, एवढंसुद्धा चालतं), मग पटेल असं वाक्य, 'आज अर्धंच काम झालं, पण झालं'. याला आठवडे, कधी महिने लागतात, मध्येच घसरतं पण, आणि गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका. एकट्याने जमत नसेल तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.